गव्हात सापडेल असा रंग

४ जानेवारी २००२, शुक्रवार

बाने कळमनुरीच्या कृषी केंद्रातून ही डायरी आणली. बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्याला एक सल्ला. आजचा सल्ला हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल आहे. बाला लिहिता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. देताना म्हणाला, ड्रायव्हरसाहेबाला कामी येईल.

मी अजून ड्रायव्हर झालेलो नाही. रेल्वेच्या सहायक इंजिन ड्रायव्हरची लेखी परीक्षा पास झालो आहे, कागदपत्रं तपासून झाली आहेत, मेडिकल तेवढं राहिलं आहे. पण तांड्यात हे बारकावे कोण ऐकतो! पाणी भरायला जाणाऱ्या बायासुद्धा मला बघून शिट्टीचा आवाज काढतात. वसराम आजा तर सगळ्यांना सांगत सुटला आहे, की आपले लोक लदेणी घेऊन, बैलांच्या तांड्यावर मीठ लादून मुलूख हिंडायचे, रेल्वे आली आणि आपले बैल बसले. आता आपलंच पोरगं ती रेल्वे हाकणार, म्हणजे फिटंफाट.

घरी आम्ही गोरमाटी बोलतो, पण लिहायला बसलं की मराठीच येते, शाळेने तशी सवय लावली. फक्त याडीला ‘आई’ लिहायला हात धजत नाही. याडी ती याडीच.

९ जानेवारी

मिनाचं नवीन खूळ. ती नववीत आहे आणि तिच्या विज्ञानाच्या निर्मलाबाईंनी तिला विज्ञान दिनासाठी रॉकेट करायला दिलं आहे. थंड पेयाची मोठी प्लास्टिकची बाटली, तिच्यात थोडं पाणी, बुचातून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह, आणि पंपाने हवा. दाब बसला की बूच सुटतं आणि बाटली पाणी फेकत वर जाते. २८ फेब्रुवारीला हिंगोलीत स्पर्धा आहे. रॉकेट उडवायचं, ते जाऊन पडेल तिथून शोधून आणायचं आणि ठरल्या वेळात पुन्हा उडवायचं. दोनदा उडालं तरच गुण. पंप मारायला आणि शोधून आणायला घरचा एक मोठा माणूस चालतो. तो मोठा माणूस अर्थातच मी. मेडिकलचं पत्र येईपर्यंत मला काम तरी काय आहे?

निर्मलाबाईंचं म्हणणं, मैदानापलीकडे गव्हाचं रान आहे, रॉकेट तिथेच पडणार, म्हणून हिरव्यात उठून दिसेल असा शेंदरी रंग द्या. मिनाने याडीच्या जुन्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घेराचा शेंदरी तुकडा कापून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, हीच शेड पाहिजे, दुसरी चालणार न्हाई. नववीतली पोर, पण हुकूम कलेक्टरचा.

१२ जानेवारी

कळमनुरीला रामकिशनच्या दुकानी गेलो. मोटारसायकलचे पार्ट आणि रंग असं त्याचं दुकान आहे. स्प्रेचे डबे होते, पण सगळे जुने, टोपणं अदलाबदल झालेली, वर नुसते नंबर. त्याने रंगांचं कार्ड समोर टाकलं. मी तुकडा एकेका चौकोनाला लावत गेलो. एक चौकोन असा बराबर जुळला, की तुकडा कुठे संपतो आणि कार्ड कुठे सुरू होतं कळेना.

रामकिशनने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हाच का? नीट पाहून घे, वापस घेणार न्हाई. मी म्हणालो, डोळे हायेत मला. डबा कागदात बांधताना तो हसत होता. गिऱ्हाइकाला हसणाऱ्या माणसाने दुकान टाकू नये.

१३ जानेवारी, रविवार

मिना शिवणाच्या क्लासला गेली तेव्हा रॉकेटला दोन हात मारून वाळवून ठेवलं. म्हटलं, आल्यावर खूश होईल. आली, बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“भिया, हे काय केलं? हा मेंदी रंग हाय.”

मी म्हणालो, मग बरोबरच आहे की! मेंदी काढल्यावर हात कसा होतो? शेंदरीच ना! ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली. तिला वाटलं मी गंमत करतो आहे. याडी चुलीपाशी बसली होती, तिनेही पदर तोंडाला लावला. म्हणाली, हे पोरगं सेवामामावर गेलं. सेवामामा म्हणजे याडीचा भाऊ. देवीच्या नवसाला लाल कापड आणायला डोंगरकडा गावच्या बाजारात गेला होता आणि हिरवं घेऊन आला. सगळा तांडा निवदासाठी थांबलेला आणि हा हिरवं कापड हातात घेऊन उभा. मामीने ती गोष्ट अजून खाली पडू दिलेली नाही.

चूक रामकिशनची आहे. कार्डावर एक आणि डब्यात भलतंच.

१५ जानेवारी

मिरची तोडायला सगळे गेले, मला याडीने नेहमीप्रमाणे पोती उचलायला ठेवलं. लहानपणापासून तिने मला मिरचीच्या ओळीत बसू दिलेलं नाही. म्हणते, तू पिकल्या-कच्च्या एकत्र करतोस, आळशी हायेस. मला त्याचं वाईट वाटत नाही. मिरची तोडली की डोळे चुरचुरतात, पोती बरी.

२० जानेवारी, रविवार

हिंगोलीला गेलो होतो. तिथून स्प्रेचा नवा डबा आणला. दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी. कार्डाकडे बघितलंच नाही, सरळ शेंदरी पाहिजे म्हणालो, टोपणावरचं नाव वाचलं आणि घेऊन आलो.

येताना स्टेशनवर तासभर बसलो. शाळेत असल्यापासून बसतो. छोट्या रुळाची गाडी, तिचा सिग्नल म्हणजे खांबाला एक हात. हात आडवा असला की थांबा, खाली झुकला की चला. तो हात कडकन पडण्याचा आवाज आला, की मी अजून बाकावरून उठून उभा राहतो. एक दिवस तो हात माझ्यासाठी पडेल आणि मी इंजिनाच्या खिडकीत असेन. कुणाला सांगितलं नाही, पण तालीम करून ठेवली आहे: एक कोपर खिडकीत, दुसरा हात शिट्टीच्या दोरीला.

संध्याकाळी रॉकेटला नवा रंग दिला. मला तर सगळं एकसारखं झालेलं दिसलं. मिना म्हणाली जागोजाग मेंदी राहिली आहे, डबा काढून घेतला आणि स्वतः मारत बसली. नाचता येईना अंगण वाकडं अशातला प्रकार नाही; मी खरंच नीट मारला होता.

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदन झाल्यावर निर्मलाबाई तांड्यावर आल्या. रॉकेटची पहिली चाचणी. सगळा तांडा जमला. मी पंप मारला, बूच सुटलं आणि अंगावर पाणी उडवत रॉकेट असं गेलं, की वसराम आजाने डोक्यावरचं पागोटं धरलं. वर गेलं, वळलं आणि भिकूनाईकाच्या गव्हात पडलं.

मी धावलो. गहू गुडघ्याला लागला आहे, दाट, हिरवागार. पडलं ती जागा मी नजरेत धरली होती, तरी मिळेना. इकडून गेलो, तिकडून आलो. बांधावरून पोरं ओरडायला लागली, डावीकडं, अरे म्होरं, अरे पायापाशी! सगळे बोटं दाखवत होते. मला गहू सोडून काही दिसत नव्हतं. शेवटी भिकूनाईकाची सून हसत आत आली, माझ्या पायापासून हातभर अंतरावर वाकली आणि रॉकेट उचलून माझ्या हातात दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बांधावर हसून हसून लोक वाकले. मीही हसलो, काय करणार? गहू वाऱ्याने त्याच्यावर वाकला असणार.

मिना मात्र हसली नाही. ती आणि निर्मलाबाई बाजूला काहीतरी बोलत होत्या. जाताना बाईंनी मला विचारलं की मामा आहेत का तुम्हाला, आणि ते काय करतात. मी म्हणालो शेती करतात. लोक चौकशी कशाचीही करतात.

२९ जानेवारी

मिनाचा नवीन खेळ. याडीच्या काचेच्या बांगड्या चटईवर पसरल्या आणि म्हणाली, भिया, जोड्या लाव. मी लावल्या. मला घाई होती, पण बहिणीचं मन मोडवत नाही. तिने सगळ्या जोड्या नीट बघितल्या, बांगड्या पदरात भरल्या आणि उठून गेली. चुकलं का काही, म्हणून विचारलं, तर म्हणाली, न्हाई, निळ्या बराबर लावल्यास.

पोरींच्या मनाचा थांग ब्रह्मदेवाला लागला नाही.

२ फेब्रुवारी

आज तर कमाल केली. याडीच्या भरतकामाच्या दोऱ्यांच्या लहान लहान गुंड्या करून आमच्या गव्हात टाकल्या आणि मला म्हणाली शोधून आण. मी निळी आणली, पिवळी आणली. ती म्हणाली अजून हायेत. खूप बघितलं, नव्हत्या. चिमण्यांनी नेल्या असतील म्हणालो. तिने आत जाऊन उरलेल्या उचलून आणल्या, पण मला दाखवल्या नाहीत, मूठ बंद ठेवली.

मग विचारलं, मोरपंखी टाकली असती तर दिसली असती का रे? मी म्हणालो, मला काय माहीत, टाकून बघ. टाकली. दिसली नाही. मग नीळ घातलेल्या पाण्यासारखी गडद निळी टाकली. ती मला बांधावरूनच दिसली. एवढ्या साध्या गोष्टीने पोरीचे डोळे का भरून यावेत?

७ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र आलं! १८ तारखेला सिकंदराबादला रेल्वेच्या दवाखान्यात मेडिकल. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत तांड्याला कळलं होतं. बाने पत्र उलटं धरून बराच वेळ बघितलं आणि देवघरात ठेवलं. याडीने गुळाचा शिरा केला. वसराम आजाने मला जवळ बसवून दातांपासून गुडघ्यांपर्यंत तपासलं आणि पास केलं.

मिनाने शिरा खाल्ला नाही. पोटात दुखतं म्हणाली.

१० फेब्रुवारी

मिना एकटी कळमनुरीला जाऊन आली. रामकिशनच्या दुकानी कार्ड घेऊन बसली होती म्हणे. आता रॉकेट पोत्यात गुंडाळून उतरंडीमागे ठेवलं आहे आणि मला बघू देत नाही. तिच्या नखांना निळं लागलेलं आहे. पुन्हा रंग बदलते आहे वाटतं. निर्मलाबाईंनी शेंदरी सांगितला, पोरीने एवढा हट्ट करून शेंदरी आणवला, मग आता हे काय? मी विचारलं नाही. मेडिकलच्या तोंडावर मला डोक्याला ताप नको.

१३ फेब्रुवारी

आज मिनाने मला मिरचीच्या वावरात नेलं. भर दुपार होती. झाडावरच्या दोन मिरच्या दाखवल्या आणि विचारलं, यातली पिकलेली कोणती? मी हात पुढे केला, तर तिने मनगट धरलं.

“हात न लावता सांग, भिया.”

मी बघत राहिलो. मिरची पिकली की मऊ पडते, चमक बदलते, हाताला लगेच कळतं. नुसतं बघून कोणाला कळेल? मी म्हणालो उजेड नीट नाही. सूर्य डोक्यावर होता.

मग ती म्हणाली, “तुला लाल न् हिरवं येगळं दिसत न्हाई. मामालाबी दिसत न्हाई. याडीकडून आलंय ते. आमच्या बाईंनी पुस्तकात दाखवलं मला. त्यात तुझी काहीच चूक न्हाई.”

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं तसा असा राग आला, की वावर सोडून निघालो. आकाशात घार केवढी उंच असली तरी मला दिसते. पाटीवरची अक्षरं मी बसमधून वाचतो. मी तिला म्हणालो, तुला माझी नोकरी बघवत नाही. म्हणालो, चार बुकं शिकली आणि भावाला आंधळा ठरवायला निघाली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, तिथं परक्या लोकांत कळण्यापेक्षा घरच्या माणसाकडून कळलेलं बरं, म्हणून सांगितलं.

तिच्याशी बोलणं बंद.

१४ फेब्रुवारी

दिवसभर वस्तू बघत हिंडलो. आजाचं पागोटं, तुरीची शेंग, एसटी, बोराटीचं बोर. एसटी लाल असते हे मला ठाऊक आहे. पण मला ते दिसतं की ठाऊक आहे, हे आज पहिल्यांदा कळेना.

याडीला विचारलं, मी लहानपणी कच्च्या मिरच्या का तोडायचो? तिने भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, मी तुला मारलं होतं त्यासाठी, दोनदा मारलं होतं. तिने माझ्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला. म्हणजे मिनाने तिला आधीच सांगितलं आहे.

१८ फेब्रुवारी, सोमवार. सिकंदराबाद

सकाळी दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर एक माणूस भेटला. आमच्यासारखी पोरं हेरूनच तो तिथे बसतो. हिंदीत म्हणाला, रंगाचं पुस्तक असतं आत, कोणत्या पानावर कोणता आकडा ते मी पाठ करून देतो, पुष्कळ लोक असेच पास झालेत. मला पाठांतर चांगलं येतं, लेखी परीक्षा त्यावरच काढली. मी त्याच्या बाकावर जाऊन बसलोसुद्धा. त्याने पहिले दोन आकडे सांगितले.

मग मला भिकूनाईकाचा गहू आठवला. रॉकेट पायापाशी होतं आणि मला दिसत नव्हतं. तिथे बोट दाखवायला सगळा तांडा होता. रुळावर रात्री दिवा लागेल, मागे डब्यांत माणसं झोपलेली असतील, तिथे मला बोट कोण दाखवणार? मी चहा तसाच ठेवून उठलो.

डॉक्टर म्हातारे होते, स्वभावाने चांगले. पुस्तक उघडलं. सगळी पानं ठिपक्यांची. पहिल्या पानावरचा आकडा वाचला. पुढच्या पानावर नुसते ठिपके. त्यापुढच्याही. डॉक्टर हळूहळू पानं उलटत होते, जणू पुढे एखादं तरी लागेल. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, “बेटा, पहले मालूम नहीं था?”

मी म्हणालो, “मागच्या आठवड्यात कळलं साहेब. बहिणीने सांगितलं.”

ते म्हणाले ड्रायव्हर आणि गार्ड सोडून द्या, रेल्वेत रंग न बघता करायची कामं पुष्कळ आहेत, त्यांचे फॉर्म निघतात, भरत राहा. मी त्यांना नमस्कार केला. बाहेर येऊन भिंतीला टेकून बसलो. रडलो. इथे लिहून ठेवतो, कारण तांड्यात कुणाला सांगणार नाही.

२० फेब्रुवारी

कळमनुरीच्या अलीकडे जीपमधून उतरलो. तांडा तिथून लांब आहे, पण सरळ घरी जायचा धीर नव्हता. रस्त्याच्या कडेला पळस फुलले आहेत. दरवर्षी फुलतात आणि दरवर्षी लोक वेड्यासारखे बघत राहतात, रान पेटलं म्हणतात. मला नेहमी वाटायचं, एका वाळक्या झाडाचं एवढं काय कौतुक? आज झाडाखाली उभा राहून खूप वेळ बघितलं. वाळकं झाडच दिसलं. एक फूल उचलून खिशात टाकलं.

घरी बा दारातच होता. मी काही सांगायच्या आत माझा चेहरा बघून त्याला कळलं. त्याने माझी पिशवी घेतली, खुंटीला अडकवली आणि जेवायला बस म्हणाला. वसराम आजा खाटेवरून बोलला.

“लदेणीत समदेच म्होरं चालत नव्हते, पोरा. पन पोचायचे समदेच.”

मग तोंड फिरवून झोपला. मी त्याला चांगला ओळखतो, तो झोपलेला नव्हता.

मिना पाणी घेऊन आली. आठवड्यानंतर मी तिच्याशी पहिला शब्द बोललो. खिशातलं फूल काढून तिच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, हे खरंच एवढं चांगलं दिसतं का? ती म्हणाली, व्हय. मी म्हणालो, कसं दिसतं? तिने फूल उलटंपालटं करून बघितलं. म्हणाली, याडी जत्रंला निघते तेव्हा लांबून जशी कळते, तसं.

तेवढं मला समजलं.

२३ फेब्रुवारी

सेवामामा आला. मिनाने त्याला सगळं समजावून सांगितलं, पुस्तकातलं पानही दाखवलं. मामा आधी घाबरला, मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी ते विसरणार नाही.

“म्हंजी मी येडा नव्हतो,” तो म्हणाला. “त्या कापडाला नाव हाय. दुखण्याला नाव हाय.”

त्याने मिनाकडून रंगांधळेपणा हा शब्द पुन्हा पुन्हा वदवून घेतला. मामीला ऐकवायचा होता. जाताना उंबऱ्यात विसरला, परत आला, पुन्हा पाठ केला. मी सिकंदराबादहून आल्यापासून पहिल्यांदा हसलो. शेवटी सांगितलं, मामा, मामी म्हणेल नाव असू दे, कापड हिरवंच होतं.

२५ फेब्रुवारी

मी मिनाला म्हणालो, स्पर्धेला दुसऱ्या कुणाला ने. शोधायचं काम आहे, मी तुला बुडवीन. शेजारचा देविदास आहे, त्याची नजर चांगली आहे.

ती म्हणाली तूच यायचंस. रॉकेट अजून पोत्यातच आहे.

२८ फेब्रुवारी, गुरुवार. हिंगोली

आता गाडीत बसून लिहितो आहे, अक्षर हलतं आहे.

मैदानापलीकडे खरंच गव्हाचं रान होतं, तयार व्हायला आलेलं, तरी अजून हिरवं. आमच्या आधीची रॉकेटं शेंदरी, लाल, एक गुलाबी. प्रत्येक वेळी लोक म्हणायचे ते बघ, ते बघ, आणि मी कुठे बघायचं ते त्यांच्या बोटांवरून शोधायचो.

आमचा नंबर आला. मिनाने पोतं सोडलं. आत निळं रॉकेट. नीळ घातलेल्या पाण्याचा निळा, टोकापासून पंखांपर्यंत एकसारखा. परीक्षक एक जाडसर सर होते. त्यांनी रॉकेट हातात घेतलं, वळवून बघितलं आणि नाक मुरडलं. निळं रॉकेट निळ्या आभाळात कुणाला दिसणार, म्हणाले. सगळ्यांनी भडक रंग दिले, तुम्ही एवढाही विचार केला नाही? निर्मलाबाई काही बोलायला पुढे झाल्या. मला वाटलं, आता माझं नाव निघणार, सगळ्या मैदानासमोर. मी पंपाच्या दांड्याकडे बघत राहिलो.

मिना म्हणाली, “आभाळातून ते खालीच येणार हाय सर. शोधायचं खाली हाय. जो शोधतो त्याला दिसलं पाहिजे.”

सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, गव्हाकडे बघितलं आणि रॉकेट परत दिलं.

मी पंप मारला. दाब बसला. बूच सुटलं, पाणी अंगावर आलं, रॉकेट गेलं. वर गेल्यावर खरंच कुणाला दिसेना. लोक कपाळावर हात धरून शोधायला लागले, कुठे गेलं, गेलं कुठे? मग ते गव्हात पडल्याचा आवाज झाला आणि मी धावलो.

बांधावर चढलो आणि थांबलो. शोधावं लागलंच नाही. एवढ्या मोठ्या रानात एकच गोष्ट होती आणि ती निळी होती. गव्हाच्या मधोमध, सकाळीच कुणी आणून ठेवावी तशी. आजवर माझ्यासाठी असं काही कधी उठून दिसलं नव्हतं. पळस बघून लोकांना असंच होत असेल का? मी सरळ गेलो, वाकलो आणि उचललं. मागून कुणी ओरडलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही.

छातीशी धरून मागे वळलो. वाटलं मिना बघत असेल. ती बघतही नव्हती. माझ्याकडे पाठ करून, पंपाशी बसून, ती दुसऱ्या उड्डाणाचं पाणी मापाने काढत होती.